मोरीतले बोळे

आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक मोरीत बोळा कोंबलेला होता, आणि विचारलं तर प्रत्येकजण देवाची आण घेऊन सांगायचा, आमच्याकडे नाही, बाजूच्याकडे बघा.

सुरतेत, लिंबायतच्या मागच्या अंगाला आमचं खंडेरावनगर आहे. धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेली माणसं. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा बारा तास उभे राहतात, बाया घरात बसून साडीवर टिकली चिकटवतात. गल्ली एका बाजूला उतरती आहे आणि तिच्या पोटातून एकच गटारलाइन जाते. खाली लाइन चोकअप झाली की गटाराचं पाणी उलटं फिरतं आणि घरातल्या मोरीतून वर येतं. जिथं आंघोळ करायची, भांडी घासायची, तिथंच ते येतं. काळं, वर साय धरलेलं, त्यात धाग्यांचे गुंते आणि लोकांची घाण. दोन पावलांवर चूल.

सगळ्यात खालचं घर रंजनाचं. तिच्याकडे पहिलं पाणी आलं. तिनं जुनी साडी गुंडाळली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, मोरीच्या भोकात ठोकली आणि वर पाटा ठेवला. घर कोरडं झालं. पाणी कुठं जाणार? ते वरच्या घरात निघालं. त्यांनीही बोळा मारला. मग त्याच्या वर. असं घराघरानं पाणी चढत गेलं. आणि ज्यांच्याकडे अजून आलंच नव्हतं त्यांनी आधीच मारून ठेवला. आपली मोरी कोरडी राहिली की शेजाऱ्याच्या परातीत गू तरंगला तरी आम्हाला चालतं. सांगायला घाण वाटते, पण ठोकताना कुणाला वाटली नाही.

पाणी येऊन थांबलं उषाबाईच्या घरात. उषाबाई म्हणजे माझी मोठी माय, माझ्या थोरल्या काकांची विधवा. गल्लीच्या मध्यावर तिची एक खोली. तिनं बोळा मारला नाही. रोज सकाळी डब्यानं काळं पाणी उपसायची, बादली रस्त्यावर ओतायची, फिनाइलनं फरशी घासायची आणि मग चहा टाकायची. मी म्हटलं, "मोठमाय, जुनी चादर आणून देऊ का?"

"आनि पानी कथं जाई?" ती म्हणाली. "वरे चंचल शे. तिना पोऱ्या झोळीमा शे, झोळी जमिनले टेकस. तिनी मोरीले तोंड शे, पन ढापा नही."

चंचल आमच्या भाऊबंदातली नाही. गेल्या वर्षी भाड्यानं राहायला आलेली पोर. पण मोठमायचं असंच आहे.

हे सगळं श्रावणात चाललं होतं, आणि रविवारी कानबाई बसायची होती. आम्हा खान्देशी लोकांत नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई घरात येते. पिढीजात नारळ असतो, त्याला दागिने घालून चौरंगावर बसवतात, दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवतात आणि नारळ परत घरी आणतात. आमच्या भाऊबंदाची कानबाई थोरल्या घरी बसते, म्हणजे मोठमायच्या खोलीत. काका गेल्यावरही ती तिथंच बसत आली. पण ज्या खोलीत गटार उसळतं तिथं देवी कोण बसवणार? रविवारपर्यंत मोरी कोरडी झाली नाही तर कानबाई जाणार होती हिलालकाकाकडे. आणि एकदा गेली की परत येत नसते. मोठमायजवळ दुसरं काय होतं? तेवढा एक मान.

हिलालकाका तिचा धाकटा दीर. गल्लीच्या वरच्या टोकाला त्याचं दोन मजली घर, खाली साड्यांचं गोदाम. अर्ध्या गल्लीच्या बायांना टिकलीचं काम तोच देतो. माझी बायको जयश्रीसुद्धा त्याच्याच साड्या चिकटवते. म्हणून गल्लीत त्याला शेठ म्हणतात, आणि तो ऐकून घेतो.

मंगळवारी एकदाची पालिकेच्या ठेकेदाराची मशीन आली. टाकीवाली गाडी, जाड नळी, त्यातून जोरात पाणी मारून लाइन मोकळी करतात. गाडीवर मगनभाई होता. त्यानं सुपरवायझरला विचारलं, घरांच्या मोऱ्या उघड्या आहेत ना? सुपरवायझरनं गल्लीला विचारलं. गल्ली म्हणाली, हो हो, उघड्या.

मगनभाईनं पाणी सोडलं. खाली चोकअप, घराघरात बोळे. दाबाला बाहेर पडायला पहिलं उघडं भोक मोठमायचं होतं. मोठमाय मोरीजवळ पीठ चाळत होती. कारंजं उडालं ते छतापर्यंत. भिंतीवर, गादीवर, पिठात, तिच्या केसांत. खुंटीवर लाल फडक्यात कानबाईचा नारळ टांगलेला असतो, घाण त्याच्या वीतभर खाली येऊन थांबली. मी आत शिरलो तेव्हा ती तशीच बसली होती, चाळणी हातात धरून. तोंड पुसायचं तर हातही तसलेच.

सुपरवायझरनं बाहेर फोटो काढला, इतके मीटर लाइन साफ असा मेसेज टाकला आणि गाडी गेली. वर ऑफिसात तेवढंच मोजतात. लाइन किती मीटर. त्या लाइनीच्या तोंडाशी कोण बसलंय ते मोजायचं मीटर अजून निघालं नाही.

संध्याकाळी हिलालकाका आला. नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "वयनी, औंदा कानबाई मना घर बसाडू. तठे टाइल्स शेत, एसी शे."

"कानबाईले एसी कसाले लागस?" मोठमाय म्हणाली. तिनं तिसऱ्यांदा डोकं धुतलं होतं. "तुले लागस."

"मी चांगलं सांगस. लोके तुना घरमा जेवतीन का?"

तिनं केस पिळले. हिलालकाका रुमाल न काढता गेला.

दुसऱ्या दिवशी एक बाई स्कूटीवरून आली. मानसी पाटणकर, ड्रेनेजच्या इंजिनिअर, वॉर्ड ऑफिसात नव्यानं बदलून आलेल्या. वय पस्तिशीचं असेल. घरी मराठी, पण वाढलेल्या बडोद्याला, त्यामुळे गल्लीनं त्यांना लगेच मानसीबेन करून टाकलं. आम्हाला वाटलं, आणखी एक फोटो. त्यांनी फोन पर्समध्येच ठेवला. मोठमायच्या खोलीत गेल्या, भिंत पाहिली, वास घेतला, बाहेर आल्या आणि गल्लीत नुसत्या फिरल्या. काही विचारलं नाही. घरांपुढच्या ओटल्यांकडे बघत राहिल्या.

मग रंजनासमोर थांबल्या. रंजना ओटल्यावर भांडी घासत होती, पाणी रस्त्यावर सोडत होती.

"घरात मोरी असताना बाहेर का घासता?"

"हवा येते इथं."

"शेजारच्या पण बाहेरच. त्यांच्या शेजारच्या पण. आख्ख्या गल्लीला हवा लागते?"

रंजना हसली. "गरमी फार आहे बेन, सुरत आहे."

"आणि काल मशीन आली तेव्हा सगळ्या मोऱ्या उघड्या होत्या?"

"आमची तर होती. बाजूच्यांना विचारा."

मानसीबेननं बाजूच्यांना विचारलं नाही. चप्पल काढून सरळ आत गेल्या आणि मोरीवरचा पाटा दोन्ही हातांनी उचलला. खाली रंजनाच्या लग्नातली जांभळी साडी, पिशवीत बांधलेली. रंजना म्हणाली, "अगं बाई, हे कुणी ठेवलं?"

बाहेर येऊन त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज एवढा मोठा की स्पीकरची गरज नव्हती. सगळ्या घरांना नोटीस द्या, दंड लावा, फाइल बंद करा, सोमवारी वरून लोक बघायला येतायत, भिंतीवर स्वच्छतेची चित्रं काढून घ्या.

"साहेब, चित्रं काढून घेते," मानसीबेन म्हणाल्या. "पण नोटिशीचं काय होईल सांगू? यांच्या हातात दिली तर तीपण मोरीतच कोंबतील. आणखी एक बोळा."

मला त्या वेळी ती बाई आवडली. बाकी गल्लीला नाही आवडली. चोरी पकडणारा कुणाला आवडतो?

दुपारी त्या मोठमायच्या ओटल्यावर बसल्या. बाया जमल्या. मानसीबेननं विचारलं, "तुम्हाला या गटाराकडून नक्की काय पाहिजे? माझं ऑफिस म्हणतं लाइन साफ पाहिजे. तुमचं सांगा."

कुणी म्हणालं पाणी पाहिजे, कुणी म्हणालं रस्ता पाहिजे, एकीनं जावयाला नोकरी मागितली. मोठमाय शेवटी म्हणाली, "माले रविवारे मना घरमा कानबाई बसाडनी शे. बस."

मग कानबाई म्हणजे काय ते बायांनी एकमेकींना तोडत सांगितलं. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे, त्याचा रोट करायचा. तो फक्त भाऊबंदानं खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, कुत्र्यालाही नाही, टाकायचा तर नाहीच. जेवल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही, कुणाचा पाय पडू नये म्हणून खड्ड्यात ओतायचं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही एक थेंब गटारात सोडत नाही," मानसीबेन म्हणाल्या. "आख्खी गल्ली?"

"देवीचं आहे ना."

"मग शनिवारी दुपारी तेवढंच करा माझ्यासाठी. माझ्यासाठी नको, देवीसाठीच करा. कुणी पाणी सोडायचं नाही. सगळ्यांनी बोळे काढायचे, एकाच वेळी. मग मशीनचा दाब वाटला जाईल, कुणाच्या घरात उडणार नाही, आणि खालचं चोकअप निघेल."

 रंजनानं आधी तोंड उघडलं. "वरच्यांनी नाही काढला तर? सगळं माझ्या घरात."

वरची म्हणाली, "खालच्यांनी नाही काढला तर?"

हे तिथून सुरू झालं ते शनिवारपर्यंत. गल्लीत चाळीस वर्षं एकत्र राहिलेली माणसं, एकमेकांच्या मयताला खांदा दिलेली, पण आधी तू काढ यापलीकडे कुणी जाईना. मानसीबेन रोज येत होत्या. साहेबांचे फोन येत होते. त्या घराघरात जाऊन तेच तेच सांगत होत्या, चहा पीत होत्या, घाणेरडे टोमणे ऐकत होत्या. एकानं विचारलं, बेन, तुमचा नवरा एवढं बाहेर राहू देतो? त्या म्हणाल्या, "तो म्हणतो, तिथंच राहा, इथं घरात मला शांतता आहे." लोक हसले. पण बोळा काढतो कोण?

शनिवारी मशीन आली. ठेकेदारानं दुसरा उपाय सांगितला. कशाला एवढी नाटकं, मगनला खाली उतरवू, हातानं काढेल, अर्ध्या तासाचं काम.

आणि आमची गल्ली लगेच तयार झाली. हो, उतरवा, तेच बरं. ज्यांना आपल्या मोरीतला बोळा दोन बोटांनी उचलवत नव्हता ते सगळे मगनभाईला गळ्यापर्यंत गुवात उतरवायला तयार. देवीचं काम म्हणून.

हिलालकाका म्हणाला, "उतरवा ना. त्याचं कामच ते आहे."

"शेठ, तुमचा मुलगा उतरेल त्याच्या आधी?" मानसीबेननं विचारलं. "आत गॅस असतो. माणूस दोन श्वासांत पडतो, काढायला गेलेला तिसऱ्या श्वासात. कायद्यानंही बंदी आहे. माझ्या कामावर माणूस उतरणार नाही. तुमची देवी बसली नाही तरी चालेल."

हे शेवटचं वाक्य गल्लीला लागलं. कुरकुर वाढली. मगनभाई गाडीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता, जसा काही दुसऱ्याच कुणाबद्दल विषय चाललाय.

मग मानसीबेननं एक केलं. रंजनाच्या घरात गेल्या, पाट मागितला, मोरीच्या अगदी कडेला मांडला, स्वतःच्या हातानं जांभळा बोळा उपटला आणि तिथं बसल्या. अंगावर ऑफिसचा पांढरा कुर्ता.

"हे सगळ्यात खालचं घर. बोळे नाही निघाले तर पहिलं माझ्या तोंडावर उडेल. आता जा आणि ठरवा."

"डाग पडला तर आम्ही धुऊन नाही द्यायचो, बेन," रंजना म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता. ती बाहेर आली आणि गल्लीत शिव्या देत सुटली. "ए, परकी बाई माझ्या मोरीत बसलीय. ज्याचा बोळा निघणार नाही त्याच्या घरासमोर मी आज ओतते." मोठमाय तिच्यामागे. प्रत्येक दारात उभी राहून ती एवढंच म्हणायची, "काढ रे भो. कानबाई येस."

निघाले. घराघरातून निघाले. चादरी, गोण्या, लेकरांची दुपटी, एकाच्या घरातून तर निवडणुकीतला झेंडा निघाला. काळे, सुजलेले, वास मारणारे. ओटल्यांवर मांडले तेव्हा कळलं की कुणाकडेच नव्हता तो सगळ्यांकडेच होता.

मगनभाईनं खालून दाब मारला. मोऱ्यांमधून गुरगुर आली, हवा आली, पण उडालं नाही. मग त्यानं लोखंडी पंजा सोडला आणि ओढू लागला. गाडी हलली. जे बाहेर आलं ते बघून दोन बाया ओटल्यावरच ओकल्या. मेलेल्या जनावराचं आतडं असावं तसा मांडीएवढा जाड लांबच लांब दोर. साडीचे धागे, चिंध्या, आणि त्या सगळ्याला एकजीव करणारा टिकलीचा डिंक. मधे मधे टिकल्या चमकत होत्या.

घरात बसून टिकली लावणाऱ्या बायकांकडे डिंकाची छोटी बाटली असते. एवढा डिंक एकाच ठिकाणी असतो. सगळ्यांना माहीत होतं.

मानसीबेन रंजनाच्या घरातून बाहेर आल्या. कुर्ता कोरडा. "हे कुणाचं आहे?"

 हिलालकाका हाताची घडी घालून उभा. म्हणाला, "आभाळातून पडलं असेल." त्याच्या भोवतीचे दोघे हसले.

"मला दिसतंय कुठून येतं," मानसीबेन गल्लीला म्हणाल्या. "पण पाइप फरशीखाली आहे. कनेक्शन तोडायला आत जावं लागेल. गल्लीतल्या एकानं तरी माझ्यासमोर नाव घ्यावं. नाहीतर सोमवारी शेठ म्हणतील मॅडमनं डूख धरला, आणि मी इथं एकटी असेन. मग महिन्याभरात पुन्हा तुमच्या घरात हेच."

मी जयश्रीकडे बघितलं. ती खाली बघत होती. दर शनिवारी हिलालकाकाकडून साड्यांचा गठ्ठा येतो, तो तसाच दारात पडला होता. सगळ्या बाया आपापल्या गठ्ठ्यांकडे बघत होत्या. एवढ्या सगळ्या तोंडांत एक जीभ नव्हती. माझ्याही नव्हती. मी तोंड उघडणार होतो असं मी नंतर म्हणू शकतो, पण उघडलं मोठमायनं.

"मना दीरना गोदाममाईन येस ते," ती म्हणाली. मग मानसीबेनला नीट समजावं म्हणून सावकाश मराठीत म्हणाली, "हिलालच्या गोदामातून येतं. डिंकाचे पिंप मागं धुतात. मी रोज बघते."

हिलालकाकानं हाताची घडी सोडली. "वयनी, उद्या कानबाई शे. याद ठेवजो."

"याद शे."

"मना घरना एक मानूस येवाव नही. मना मांगे कोन कोन येस नही ते भी देखजो."

मोठमायचा चेहरा मी पाहिला. गहू मोजून, दळून झाले होते. हिलालकाकाच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा सव्वा मूठ त्यात होती. एकदा मोजलेलं परत काढता येत नाही.

"तुनी मरजी," ती म्हणाली आणि मानसीबेनला घेऊन गोदामाकडे निघाली.

संध्याकाळच्या आत मगनभाईनं गोदामाचा पाइप सिमेंटनं बंद केला. जाळी आणि वेगळी टाकी बसवल्याशिवाय उघडणार नाही, असं मानसीबेननं हिलालकाकाला तोंडावर सांगितलं. मोठमायच्या मोरीत बादलीभर पाणी ओतलं, ते सरळ खाली गेलं. चंचल बाळ कडेवर घेऊन बघायला आली होती. ती नुसतीच हसली.

रविवारी कानबाई मोठमायच्या खोलीत बसली. भिंतीला चुना लावला होता, तरी कोपऱ्यात पिवळा डाग दिसत होता. जेवायला अर्धी पंगतही भरली नाही. हिलालकाकाच्या घरचे आले नाहीत. त्याच्याकडून काम घेणाऱ्यांत एकाला ताप आला, एकाला अचानक बारडोलीला साडूकडे जावं लागलं, कोसाडच्या चुलतभावांना रिक्षा मिळाली नाही. रविवारी सुरतेत रिक्षा मिळत नाही हे मला नवीनच कळलं. मी गेलो. जयश्री घरातून निघताना म्हणाली, "सोमवारपासून मला काम नाही, समजून जा." मग स्वतःच साडी बदलून माझ्याआधी गेली.

मानसीबेन दर्शनाला आल्या. मोठमायनं त्यांना जवळ बसवलं, ओटी भरली, चहा दिला. रोट दिला नाही. देता येत नाही. मानसीबेनच्या ते लक्षात होतं, त्यांनी ताटाकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी वरची मंडळी आली. मोठे साहेब रंगवलेल्या भिंतीसमोर उभे राहिले. बाजूला हिलालकाका, पांढऱ्या शर्टात. त्यानं साहेबांना शाल आणि नारळ दिला. लोकसहभागातून गटार मुक्त, असं साहेबांनी भाषणात म्हटलं आणि हिलालशेठसारखे जागरूक नागरिक प्रत्येक गल्लीत हवेत असंही म्हटलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत शनिवारी बोळे काढणारे पुष्कळ होते. मानसीबेन फोटोच्या बाहेर, मगनभाईच्या गाडीजवळ उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना जाताना बाजूला घेतलं. गोदामाच्या कनेक्शनचा खुलासा मागितला म्हणे. त्या म्हणाल्या, देते. आणि टाकी बसेपर्यंत पाइप बंदच राहील, असंही म्हणाल्या. माझ्या कानानं ऐकलं. मला साहेबांच्या अंगावर त्या डिंकाचा दोर फेकावासा वाटला, पण तो कचरागाडीनं नेला होता.

आज गुरुवार. पाइप अजून बंद आहे. मोठमायची मोरी कोरडी आहे. आणि तिच्या खोलीत रोटाची परात अजून अर्धी आहे, हिलालकाकाच्या घरची, बारडोलीवाल्याची, तापवाल्याची, कोसाडवाल्यांची सगळी वाटणी तिच्यात आहे. पौर्णिमेच्या आत संपायला पाहिजे. टाकता येत नाही, कुणाला देता येत नाही. मोठमाय, मी, जयश्री आणि दोन म्हातारे असे आम्ही सकाळ संध्याकाळ बसतो. रोट वाळून दगड झालाय. पहिल्या दिवशी गोड लागला, आता तोंडात घातला की पोटातून वर येतो.

जयश्री काल म्हणाली, "हा घास त्या हिलालकाकाच्या नावाचा आहे, मला माहीत आहे. कळतंय मला चवीवरून."

"चाव," मोठमाय म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक तुकडा ठेवला.